लेऑनच्या जमिनीखालचे पाणी

निकाराग्वात मोमोटोम्बो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, मानाग्वा सरोवराकाठी, स्पॅनिशांनी १५२४ मध्ये लेऑन वसवले. शंभर वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १६१० च्या भूकंपानंतर ते उठवून पश्चिमेला न्यावे लागले. जुन्या शहराचे अवशेष हाती लागायला १९६७ साल उजाडले. जागा चुकली, असे आज म्हणणे सोपे आहे. पण पॅसिफिक किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांगच्या रांग उभी आहे आणि ती नेमकी तिथेच का, हे नीट उमगायला विसावे शतक सरत आले. माझ्या मते त्या रांगेचा इतिहास आगीपेक्षा पाण्याचा अधिक आहे.

अशा रांगेखाली खडक वितळतो कशाने? किनाऱ्याखाली शिरणारा भूपट्ट घासून तापतो आणि वितळतो, अशी एक जुनी समजूत होती. तिची अडचण उघड आहे. पॅसिफिकच्या तळाचा कोकोस भूपट्ट वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर वेगाने निकाराग्वाखाली शिरतो, तोही समुद्रतळाचा गारवा घेऊन. त्याने भोवतालचे प्रावरण थंड व्हायला हवे, वितळायला नव्हे. मात्र त्याच्या खनिजांत पाणी कोंडलेले असते. शंभरेक किलोमीटर खोलीपर्यंतच्या दाबाने व उष्णतेने ते सुटते, वरच्या प्रावरणात झिरपते आणि तिथल्या खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरवते. जाताना ते बेरियम, बोरॉन, शिसे घेऊन जाते. नायोबियम मागेच राहते. इथल्या लाव्हात बेरियम भरपूर आणि नायोबियम तुटपुंजे, ते यामुळेच.

निर्णायक साक्ष दिली ती बेरिलियम-१० ने, १९८० च्या दशकात. वैश्विक किरणांमुळे ते वातावरणात घडते, पावसाबरोबर समुद्रात उतरते, गाळाला चिकटते. अर्धायुष्य जेमतेम १४ लाख वर्षे, त्यामुळे प्रावरणात ते मुळात असूच नये. निकाराग्वाच्या लाव्हात मात्र ते सापडले; म्हणजे समुद्रतळाचा गाळ भूपट्टाबरोबर खाली जाऊन त्याची खूण लाव्हात उतरली. लाव्हा थंड झाल्यावर पावसानेच ते आणले असेल, ही शंका रास्तच. पण हवाईच्या लाव्हावरही पाऊस पडतो आणि तिथे ते जवळजवळ नाहीच.

याहून वजनदार आक्षेप शेजारच्या कोस्टा रिकाचा. भूपट्ट तोच, तरी तिथल्या लाव्हात बेरिलियम-१० नगण्य. ते फक्त वरच्या कोवळ्या गाळात टिकते आणि कोस्टा रिकाखाली हा थर वाटेतच खरवडला जात असावा, हे स्पष्टीकरण मला पटते. तसे असेल, तर तिथे पाणी पोचत नाही असे ठरत नाही; पोचते, पण या खुणेवाचून.