तिऱ्हाइताचा विमा

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर भाड्याने घेतलेली मोटार ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्गमध्ये शिरते आणि एका सायकलस्वाराला धडकते, अशी कल्पना करू. मोटार जर्मनीत नोंदलेली, चालवणारा पुण्याचा, जखमी झालेला फ्रान्सचा. त्याला भरपाई कोणी द्यायची, आणि ती कोणत्या देशाच्या कायद्याने मोजायची? युरोपात या प्रश्नाचे उत्तर आज ठरलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी ते ठरलेले नव्हते, आणि युरोपाबाहेर अनेक ठिकाणी ते आजही धूसर आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी जी माहिती छापली जाते तिचा बहुतेक भाग गाडीच्या पत्र्याविषयी असतो. ओरखडा पडला तर किती रक्कम कापतील, काच फुटली तर काय, चाक गेले तर काय. आम्हाला येथे मागोवा घ्यावयाचा आहे तो त्या सायकलस्वाराचा. मोटारविम्याचा आंतरराष्ट्रीय इतिहास मुळात त्याच्यासाठी घडला आणि भाड्याच्या मोटारीच्या टेबलापाशी येईपर्यंत तोच त्यातून दिसेनासा झाला, असे आमचे म्हणणे आहे.

इंग्रजीतल्या 'थर्ड पार्टी'साठी आपल्या कागदपत्रांत 'तृतीय पक्ष' असा शब्द असतो. आम्हाला 'तिऱ्हाईत' हा जुना शब्द अधिक नेमका वाटतो. व्यवहारातला तिसरा आणि परका, असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. विम्याचा करार होतो दोघांत. पैसे मिळायचे असतात ते ज्याने त्या करारावर कधी सही केली नाही अशा तिसऱ्याला. 'विमा' या शब्दाचे मूळ फार्सीतल्या 'बीम' म्हणजे भय या शब्दात सांगतात. भय कोणाचे, विमा उतरवणाऱ्याचे की रस्त्यावरच्या माणसाचे, हा प्रश्न पुढच्या साऱ्या इतिहासाला पुरून उरला आहे.

मोटारी सीमा ओलांडू लागल्या तेव्हा राज्यकर्त्यांना प्रथम आठवण झाली ती जकातीची. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीविषयीचा पहिला करार झाला. गाडीच्या पाठीमागे देश सांगणारी अक्षरे लावण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. त्या काळी परदेशी मोटार घेऊन जाणाऱ्याने ती तेथेच विकून आयातकर बुडवू नये म्हणून सीमेवर अनामत मागितली जाई. यावर मोटार क्लबांनी तोड काढली. सदस्याच्या वतीने क्लबच जकातीची हमी देई, आणि ट्रिप्टिक नावाचा तीन भागांचा कागद, पुढे कार्ने नावाची पुस्तिका, दाखवली की नाका खुला होई. सरकारी महसूल बुडू नये यासाठी इतकी चोख आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. त्याच गाडीखाली कोणी सापडले तर काय, याची विचारपूस मात्र नाक्यावर होत नसे. गाडीवाला दुसऱ्या दिवशी आपल्या देशी परतला की जखमीच्या हाती उरे तो फार तर परदेशी नोंदणीचा एक क्रमांक.

सक्तीचा विमा हळूहळू आला, आणि प्रत्येक देशात वेगळ्या वर्षी. ब्रिटनने १९३०च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तो आणला. विमेदाराने काही लपवले, अशी सबब काढून कंपन्या जखमीला परत पाठवू लागल्या, तेव्हा १९३४च्या कायद्याने ती वाट बरीचशी बंद केली. विमाच नसलेल्या वाहनांनी जखमी केलेल्यांसाठी १९४६मध्ये विमा कंपन्यांचा सामाईक 'मोटर इन्शुअरर्स ब्युरो' उभा राहिला. जर्मनीने ही सक्ती १९३९मध्ये केली, फ्रान्सने १९५८मध्ये, इटलीने १९६९मध्ये. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात हे प्रकरण होते, पण ते अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. म्हणजे महायुद्ध संपले तेव्हा युरोपात शेजारीशेजारी असे देश होते की, एकाच्या रस्त्यावर विम्याविना गाडी काढणे गुन्हा आणि दुसऱ्याच्या रस्त्यावर ती निव्वळ मर्जीची बाब. सक्ती असलेल्या देशाच्या नाक्यावर परदेशी प्रवाशाला थोड्या दिवसांचा विमा विकत घ्यावा लागे. दर सीमेला नवा विमा, नवा खोळंबा.

यावरचा तोडगा २५ जानेवारी १९४९ रोजी जिनिव्हात निघाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या रस्ते वाहतूक उपसमितीने त्या दिवशी पाचव्या क्रमांकाची शिफारस संमत केली. प्रत्येक देशातील विमा कंपन्यांनी मिळून एक ब्युरो स्थापावा, ब्युरोंनी आपसांत करार करावेत, आणि प्रवाशाजवळ सर्वत्र एकाच नमुन्याचे प्रमाणपत्र असावे, असे तिचे स्वरूप होते. ब्युरोंची परिषद लंडनमध्ये आकाराला आली आणि १ जानेवारी १९५३पासून व्यवहार सुरू झाला. कागदाचा रंग हिरवा, म्हणून व्यवस्थेचेच नाव 'ग्रीन कार्ड' पडले. (२०२०पासून हे कार्ड पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत छापता येते, नाव मात्र हिरवेच राहिले.)

या व्यवस्थेचे मर्म मराठी वाचकाला समजायला हुंडी आठवावी. एका पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर वटते; कागद घेऊन येणाऱ्याला दोन पेढ्यांच्या आपसातल्या हिशेबाशी कर्तव्य नसते. येथेही तसेच. परदेशी गाडीने अपघात केला की जखमीने आपल्याच देशाच्या ब्युरोकडे जायचे. तो ब्युरो प्रकरण हाताळतो आपल्याच कायद्याने, जणू ती गाडी स्थानिक विम्याचीच आहे अशा रीतीने, आणि दिलेली रक्कम ज्या देशातून कार्ड निघाले तेथील ब्युरोकडून वसूल करतो. मूळ विमा कंपनी बुडाली तरी तिच्या देशाचा ब्युरो जबाबदार राहतो. परदेश, परभाषा, परका कायदा यांची सगळी दगदग जखमीच्या अंगावरून काढून विमा कंपन्यांच्या अंगावर टाकली गेली. सुविधा मिळाली प्रवाशाला, हे खरे. पण ती मिळाली ती तिऱ्हाइताची सोय लावून दिल्याच्या बदल्यात.

पुढचे पाऊल आम्हाला याहून धाडसी वाटते. २४ एप्रिल १९७२च्या निर्देशाने युरोपीय आर्थिक समुदायाने सदस्य देशांतील गाड्यांचा विमा सीमेवर तपासणे बंद करावयास लावले. कार्डाची जागा नंबरप्लेटने घेतली. गाडीवर ज्या देशाची पाटी, तोच तिचा नेहमीचा ठावठिकाणा आणि त्याच देशाचा ब्युरो तिच्यासाठी बांधील, मग विमा प्रत्यक्षात उतरवलेला असो वा नसो. भाड्याच्या मोटारीचा प्रश्न येथे आपोआप सुटतो. विमा चिकटतो तो गाडीला, चालकाला नव्हे. स्ट्रासबुर्गच्या सायकलस्वाराने जर्मन पाटी पाहिली की पुरे. तो पुणेकर कोण आणि टेबलापाशी त्याने कशाकशाला नकार दिला, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१च्या आरंभी तेथील मोटारचालकांना हिरव्या कार्डाची पुन्हा गरज भासू लागली. २ ऑगस्ट २०२१पासून त्यांनाही पाटीवरच प्रवेश मिळाला.

भरपाई मोजायची कोणत्या मापाने, हा गुंता मात्र पाटीने सुटत नाही. १९६३मध्ये माल्टा बेटावर दोन ब्रिटिश सैनिकांच्या वाहनांची टक्कर झाली. एक स्कूटरवर होता, दुसरा मोटारीत. माल्टाच्या कायद्यात केवळ प्रत्यक्ष आर्थिक तोट्याची भरपाई होती; ती भरे ५३ पौंड. इंग्लिश कायद्यात वेदनेलाही मोल होते. त्याचे होत २,२५० पौंड. हाड तेच, दुखणे तेच. 'बॉईज विरुद्ध चॅप्लिन' या नावाने हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९६९मध्ये इंग्लिश माप लागू झाले, कारण दोन्ही पक्ष इंग्लंडचे होते. न्यायमूर्तींनी दिलेली कारणे मात्र इतकी निरनिराळी होती की कायद्याचे विद्यार्थी आजही त्यावर डोके खाजवतात.

आता अटलांटिकपलीकडे. तेथे भाड्याच्या मोटारीचा धंदा लवकर वाढला. वॉल्टर जेकब्स यांनी १९१८मध्ये शिकागोत डझनभर फोर्ड गाड्यांनिशी सुरू केलेला व्यवसाय १९२३मध्ये जॉन हर्ट्झ यांनी घेतला. १९४६मध्ये वॉरन एव्हिस यांनी तो विमानतळावर नेला. जखमीचा प्रश्नही तेथे लवकर उभा राहिला. कनेक्टिकटमध्ये कायदाच होता की, गाडी भाड्याने देणारा तिच्याकडून झालेल्या नुकसानीला जबाबदार. हार्टफर्डमध्ये घेतलेल्या अशा एका गाडीतला सहप्रवासी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जखमी झाला. तेथे असा कायदा नव्हता. कंपनीने सीमेकडे बोट दाखवले. १९२८मध्ये, 'लेव्ही विरुद्ध डॅनियल्स यू-ड्राइव्ह' खटल्यात, कनेक्टिकटच्या न्यायालयाने म्हटले की ही जबाबदारी भाड्याच्या करारातच मुरलेली आहे, ती गाडीबरोबर सीमा ओलांडते. आणि कायद्याचा हेतूच असा की कंपन्यांनी गाडी देताना चालक पाहून द्यावी. जिनिव्हाच्या एकवीस वर्षे आधी लिहिलेला हा निकाल आम्हाला हिरव्या कार्डाचा सख्खा भाऊ वाटतो.

अमेरिका त्या वाटेने पुढे गेली नाही. तेथे विमा रुजला तो घरच्या मोटारीबरोबर. माणसाजवळ स्वतःची गाडी आणि तिचा विमा असतोच, भाड्याच्या गाडीत बसताना तोच त्याच्याबरोबर येतो, असे गृहीत धरून सारी रचना झाली. १० ऑगस्ट २००५ रोजी मंजूर झालेल्या कायद्यातील 'ग्रेव्ह्ज दुरुस्ती'ने, कंपनीची स्वतःची चूक नसल्यास केवळ मालक म्हणून तिला जबाबदार धरणारे राज्यांचे कायदे मोडीत काढले. राज्यांनी ठरवलेल्या किमान विम्याच्या अटी तेवढ्या राहिल्या, आणि त्या किती किमान असाव्यात? कॅलिफोर्नियात एका जखमीमागे १५,००० डॉलर ही मर्यादा १९६०च्या दशकापासून २०२४अखेरपर्यंत टिकून होती. १ जानेवारी २०२५पासून ती ३०,००० झाली. अमेरिकन इस्पितळाचे बिल पाहिलेल्या कोणालाही या आकड्याचे तोकडेपण समजावून सांगावे लागणार नाही. घरच्या विम्याची जोड असेल तर हे निभते. मुलाबाळांकडे गेलेल्या आणि चार दिवस गाडी भाड्याने घेतलेल्या भारतीय प्रवाशाजवळ ती जोड नसते.

टेबलापाशी त्याला आग्रहाने विकला जातो तो 'कोलिजन डॅमेज वेव्हर'. हा काटेकोर अर्थाने विमा नव्हेच. गाडीची मोडतोड झाली तर आम्ही तुमच्याकडे मागणी करणार नाही, एवढे कंपनीचे वचन. या व्यवहारातील नफा इतका डोळ्यांवर येऊ लागला की न्यूयॉर्क राज्याने १९८९मध्ये त्याची विक्रीच बंद करून ग्राहकाची जबाबदारी सर्वसाधारणपणे १०० डॉलरवर आणली. २००३मध्ये तो दिवसाच्या दरावर मर्यादा घालून पुन्हा सुरू झाला. वाद झाला तो ग्राहकाला किती भुर्दंड पडावा यावर, आणि दोन्ही वेळा विषय पत्र्याचाच होता. क्रेडिट कार्डाबरोबर येणारे संरक्षणही बहुधा तेवढ्यापुरतेच असते.

आपल्या प्रवाशाची आणखी एक गफलत होते. १९४९च्याच सप्टेंबरात जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या आरटीओकडून मिळणारा वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना त्या कराराचा. तो वाहन चालवण्याची पात्रता सांगतो, विम्याविषयी अक्षर बोलत नाही. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत 'वैयक्तिक दायित्व' असे एक कलम असते खरे, पण मोटार चालवताना उद्भवलेले दायित्व त्यातून बहुधा वगळलेले असते. आपल्याकडच्या मोटारविम्यात मृत्यू वा इजेच्या तृतीयपक्षी भरपाईला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे 'मर्यादा किती?' असे विचारण्याची सवयच आपल्याला नाही. ग्रीन कार्डच्या वर्तुळात मोरोक्को, तुर्कस्तान, इराण आहेत, भारत नाही. आपल्या घरच्या मोटारीची पॉलिसी जादा हप्ता भरून वाढवता येते ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्यांपुरती.

आणि तोच पुणेकर परदेशी रस्त्यावर चालवणारा नसून जखमी होणारा असेल तर? २०००च्या चौथ्या युरोपीय निर्देशाने परदेशात जखमी होऊन घरी परतलेल्यांचीही सोय केली. प्रत्येक विमा कंपनीने इतर प्रत्येक सदस्य देशात आपला प्रतिनिधी नेमावा, त्याने तीन महिन्यांत सकारण उत्तर द्यावे. २००७मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यात भर घातली की जखमीला आपल्याच गावच्या न्यायालयात परदेशी कंपनीवर दावा लावता येतो. हे सर्व युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी. पुण्यात असा प्रतिनिधी नसतो. आपल्या माणसाला जर्मन कंपनीशी जर्मनीत, किंवा अपघात जेथे झाला तेथे, पत्रव्यवहार करावा लागतो. प्लास्टर निघण्याआधी दावा सांगण्याची मुदतही पाहावी लागते, आणि पोलिसांच्या नोंदीची प्रत तेथून निघण्यापूर्वीच मागून घ्यावी लागते.