नेट अडलं कुठं?

इंटरनेटचा इतिहास बहुतेक जण जोडणीचा इतिहास म्हणून सांगतात. मला तो तुटण्याचा इतिहास म्हणून जास्त जवळचा वाटतो, कारण मी कोरपन्यात राहतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेजवळचं हे तालुक्याचं गाव. शेजारपाजारी कुणाच्या कॉम्प्युटरवर नेट गेलं की मला हाक येते. तिथं बसून मी जे करून पाहतो, त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुणीतरी अशाच अडचणीत सापडल्यावर शोधून काढलेली आहे.

पहिला बिघाड पहिल्याच रात्री झाला. २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी, आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल डुव्हॉल. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोघं फोनवरही बोलत होते. ‘एल’ आलं का? आलं. ‘ओ’? आलं. तिसऱ्या अक्षराला पलीकडचं मशीन बसलं. दोन्ही टोकांची माणसं एकमेकांशी बोलत होती, म्हणून चूक सापडली आणि साधारण तासाभरात दुरुस्तही झाली.

पण दर वेळी पलीकडे फोन उचलणारा माणूस कुठून आणायचा? मग मशीनलाच विचारायची सोय झाली. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस हा अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस नेटवर्कच्या एका विचित्र बिघाडानं वैतागला होता. त्यानं एका संध्याकाळी छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधायला आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, तसाच हा प्रकार. नावही त्या आवाजावरूनच पडलं: पिंग.

त्याच वर्षी दुसरा गुंता सुटत होता. तोवर नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं आणि नंबर एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. मशीन वाढली तशी यादी आवरेना. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी ती वाटून ठेवण्याची पद्धत आखली. तिलाच आपण डीएनएस म्हणतो.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ज्याच्या गावाजवळ केंद्र नव्हतं, त्याला नेटसाठी एसटीडी लावावा लागायचा. त्या काळात बिघाड कानानं ओळखायचा. रिसीव्हरमध्ये टोनच नाही, तर लाइन मेलेली. टोन आहे, पण मॉडेमची किरकिर सुरूच होत नाही, तर पलीकडे कुणी घेत नाही. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि फोन अन् नेट एकाच तांब्याच्या तारेवर एकत्र नांदू लागले. आता काचेचा धागा आलाय. तो तुटला की डब्यावर लाल दिवा लागतो. कानाचं काम डोळ्यांकडे गेलं.

आता हा इतिहास वापरून बघा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि जवळून लांब जात पिंग करा. आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच कॉम्प्युटर. मग राउटर, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१. मग बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. शेवटी एखाद्या साइटचं नाव. राउटरपाशीच थांबलं तर भानगड घरातली: केबल, वायफाय, नाहीतर सेटिंग. राउटर बोलतो पण बाहेरचं कुणीच बोलत नाही, तर बहुधा घराबाहेरची. नंबर बोलतात, नावं सापडत नाहीत, तर डीएनएसची. आणि कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, मशीननं स्वतःच एक घेतलाय.

याचा उपयोग काय, ते गेल्या वर्षी शेजारच्या मुलीच्या घरी कळलं. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. “काका, नेटच नाही ना!” मोबाइलला रेंज नावाला. नेटवाल्यांना फोन केला, तर उत्तर तयार होतं: तुमचा कॉम्प्युटर खराब आहे. आम्ही तिथंच पिंग केलं. राउटर बिनचूक उत्तर देत होता, त्यापुढे सगळं गप्प. ती एसटीनं गडचांदूरला गेली आणि तिथून अर्ज भरला. मी पुन्हा फोन करून सांगितलं, “राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे अडलंय. तक्रार नंबर द्या.” या वेळी नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात तुटलेली लाइन सापडली.

क्लाइनच्या कानाला फोन होता आणि पलीकडे खरं सांगणारा माणूस होता. आपल्याला पलीकडचा माणूस बहुतेक वेळा “बंद करून चालू करा” एवढंच सांगतो. कधी कधी तेवढ्यानं चालतंही. पण सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षेचा फॉर्म सगळंच ऑनलाइन गेल्यावर, नेट बंद म्हणजे सरकारी कचेरीचं दारच बंद. “नेट नाही” एवढ्या तक्रारीला टोलवणं सोपं असतं. “नेट इथं अडलंय” म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.