भूल देण्याआधी सांगायची गोष्ट

लेकराच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला, तर भूल देऊन दुर्बिणीनं काढतात. तेव्हा स्नायू ढिले करणारं औषधही बरेचदा देतात. त्यानं श्वास थांबतो, म्हणून तोवर भूलतज्ज्ञ श्वास देतात.

हे औषध मुळात विष! दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणाला ‘क्युरारे’ लावत. १९४२ साली कॅनडात डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी ते भुलेसोबत वापरलं. १९५१ला सक्सिनिलकोलीन आलं. ते मिनिटभरात लागू होतं, पाच-दहा मिनिटांत उतरतं. १९९४ला आलेलं रोक्युरोनियमही लवकर लागू होतं, पण अर्धा तास किंवा जास्त टिकतं. २००८ला युरोपात त्याचा उतारा आला, सुगामाडेक्स.

सक्सिनिलकोलीन उतरवणारा रक्तातला घटक काही घराण्यांत जन्मतःच कमी असतो. दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळलंय. हा समाज आपल्या मराठवाड्यातही आहे. एरवी काही त्रास नसतो. पण ते औषध दिलं, तर श्वास तासन्‌तास परतत नाही. औषध उतरेपर्यंत मशीनवर ठेवावं लागतं.

म्हणून ऑपरेशनआधी घरातल्या थोरांना विचारा, ‘भुलेतून उठायला कुणाला फार वेळ लागला होता का?’ लागला असेल, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण सांगायचं.