‘मुंबई वेळ’ आणि नांदेड-लातूर
* १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ भारताची प्रमाणवेळ झाली. मुंबई शहराने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ पुढेही बराच काळ सोडली नाही. म्हणून जुन्या कागदांतल्या ‘मुंबई वेळे’त ३९ मिनिटे मिळवली की प्रमाणवेळ मिळते. पण प्रमाणवेळेतून तेवढीच मिनिटे वजा करून नांदेड-लातूरची स्थानिक वेळ काढणे चूक. रेखांशाच्या अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने ८२.५ अंशांच्या प्रमाणरेषेहून नांदेड सुमारे २१ आणि लातूर सुमारे २४ मिनिटे मागे आहे. तीन मिनिटांचा फरक किरकोळ, हा आक्षेप गाडी पकडण्यापुरता मान्य. सूर्योदयावरून मुहूर्त धरणाऱ्याला मात्र तो सोडून चालत नाही. शिवाय सूर्योदय अक्षांश आणि ऋतूप्रमाणेही सरकतो, तेव्हा मुंबईच्या पंचांगातला सूर्योदय केवळ रेखांशाच्या वजाबाकीने नांदेड-लातूरला आणू नये.