नऊ विरुद्ध शून्य

नोव्हेंबर 2024 मधल्या अमेरिकी निवडणुकीच्या निकालासाठी आपल्यापैकी बरेच जण रात्रभर जागले. पण एका वस्तीचा निकाल त्याच्या आदल्या रात्री, बारा वाजून काही मिनिटांनीच लागला होता. न्यू हॅम्पशायरमधलं डिक्सव्हिल नॉच. हॅरिस 3, ट्रम्प 3. मतदार सहा, मतदान शंभर टक्के. अ‍ॅकॉर्डियनवर राष्ट्रगीत वाजलं, सहा जणांनी मतं टाकली, कॅमेऱ्यांसमोर ती मोजली, झालं!

कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगरात ही प्रथा 1960 मध्ये सुरू झाली. तिथल्या बाल्सम्स हॉटेलचे मालक नील टिलॉट्सन हे रबराच्या धंद्यातले, फुगे आणि हातमोजे बनवणारे. प्रसिद्धीची किंमत त्यांना चांगली कळत होती. राज्याचा कायदाही सोयीचा आहे: शंभरपेक्षा कमी वस्तीच्या गावाला मध्यरात्री मतदान सुरू करता येतं, आणि सगळ्यांनी मत दिलं की लगेच बंदही करता येतं. खरं तर ही कल्पना त्याच राज्यातल्या हार्ट्स लोकेशन गावाची. तिथल्या रेल्वे कामगारांना पहाटे कामावर जावं लागे, म्हणून 1948 मध्ये त्यांनी रात्रीच मतदान उरकलं. पुढे पत्रकारांच्या गर्दीला कंटाळून गावाने 1964 नंतर ते थांबवलं आणि 1996 मध्ये पुन्हा सुरू केलं.

डिक्सव्हिलचा राजकीय कल कसा होता? 1960 मध्ये निक्सन 9, केनेडी 0. 1968 मध्ये हम्फ्री जिंकले, त्यानंतर मात्र थेट 2008 पर्यंत एकही डेमोक्रॅट नाही. 2008 मध्ये ओबामा 15, मॅकेन 6. 2012 मध्ये पाच-पाच. 2020 मध्ये बायडन 5, ट्रम्प 0. हे आकडे पाहून 'ग्रामीण रिपब्लिकन गाव डेमोक्रॅट झालं' असं म्हणायचा मोह होतो. पण 2004 मध्ये इथे 26 मतं पडली होती, 2020 मध्ये फक्त पाच. मधल्या काळात, 2011 मध्ये, हॉटेल बंद पडलं. म्हणजे मतं बदलली की माणसंच बदलली? माझ्या मते मुख्यतः माणसं. पुढे तर मतदान घ्यायला लागणारे पाच पदाधिकारीही पुरेनात. शेवटी हॉटेलचं पुनरुज्जीवन करू पाहणारे गृहस्थ स्वतःच तिथे राहायला आले, तेव्हा संख्या भरली.

मला मात्र खटकते ती वेगळीच गोष्ट. हॉटेलात प्रत्येक मतदारासाठी स्वतंत्र आडोसा असे. गुप्त मतदानाची इतकी काळजी! पण निकाल 9-0 लागला की नऊही जणांचं मत जगाला कळलं. आडोशाचा उपयोग काय? जानेवारी 2024 च्या प्रायमरीत निकी हेली यांना सहापैकी सहा मतं मिळाली, तेव्हाही तेच. मतदान शंभर टक्के आणि मोजणी स्वतंत्र असेल, तर लहान गावाला गुपित ठेवता येत नाही. डिक्सव्हिलमध्ये याची गंमत वाटते, कारण तिथे मतावरून कुणाचं पाणी तुटत नाही.

आता आपल्याकडे या. निकालानंतर गावी फोन केलात, तर मामा किंवा काका अमक्या वस्तीने किती मतं दिली ते तोंडपाठ सांगतील. भारतात मतदान यंत्रं केंद्रनिहाय मोजली जातात आणि फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथचा हिशेब छापला जातो. बूथवर हजारभर मतदार असले, तरी बूथ म्हणजे अनेकदा एक वाडी, एक आळी, एक जात. व्यक्तीचं मत गुप्त, वस्तीचं उघड. 2019 च्या प्रचारात मनेका गांधींनी गावांची मतांच्या टक्केवारीनुसार वर्गवारी करून, वरच्या वर्गातल्या गावांची कामं आधी करण्याची भाषा जाहीरपणे केली होती. तिच्या मुळाशी हाच बूथनिहाय आकडा.

कागदी मतपत्रिकांच्या काळात, गरज वाटेल तिथे, वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रं आली आणि ती गेली. निवडणूक आयोगाने 2008 मध्ये 'टोटलायझर' सुचवला: 14 यंत्रं जोडायची आणि फक्त एकत्रित बेरीज दाखवायची. विधी आयोगाने 2015 मधल्या 255व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र नकार दिला. बूथनिहाय आकड्यांमुळे कुठे जास्त काम करायला हवं ते उमेदवारांना कळतं, असा एक युक्तिवाद होता. संशोधक म्हणून मलाही हे आकडे हवेच असतात, त्यांच्याशिवाय माझं निम्मं काम अडेल. पण ज्या वस्तीने 'चुकीच्या' उमेदवाराला मत दिलं, तिच्या रस्त्याचं काय होतं, हे फॉर्म 20 मध्ये लिहिलेलं नसतं.

तो फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळतो. आजोळचा बूथ क्रमांक माहीत असेल, तर दोन मिनिटांत सापडेल. स्थानिक कार्यकर्त्याला तेवढीही लागत नाहीत.