स्कॉटलंडांतील जुन्या सरकत्या खिडक्या

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, शिलालेख व नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. घराची खिडकी हेंही एक साधन आहे, आणि तें थंडीच्या निमित्तानें नष्ट होत आहे, म्हणून हें टिपण.

एडिंबरोच्या नव्या वस्तीचा आराखडा जेम्स क्रेग यानें १७६७ सालीं तयार केला. तेथील घरांच्या खिडक्या वरखालीं सरकणाऱ्या असून, त्यांचा भार चौकटीच्या पोकळींत दोरीनें टांगलेल्या वजनांनीं तोलला जातो. कांच फुंकून, गरगर फिरवून थाळीसारखी पसरीत. तिच्यांतील किंचित् वक्रता अद्याप दिसते. १७४६ पासून ब्रिटनमध्यें कांचेवर वजनावरून कर होता, सबब ती पातळ करण्याकडे कल असे. तो कर १८४५ मध्यें व खिडक्यांवरील कर १८५१ मध्यें उठला. पुढें मोठीं व जड तावदानें आलीं, तेव्हां सांधा बळकट राहावा म्हणून सरकत्या चौकटीचीं उभीं लांकडें थोडीं लांब ठेवूं लागले. जाणत्यास एवढ्या खुणेवरूनही खिडकीचा काळ अजमावतां येतो.

आतां इंधन वांचविण्यासाठीं दुहेरी कांच बसवावी, असें सांगण्यांत येतें. हेतु रास्तच आहे. परंतु ती जाड कांच जुन्या बारीक लांकडी पट्ट्यांत मावत नाहीं, म्हणून बहुधा सगळी खिडकीच टाकून देतात. कांच, लांकूड व कारागिराची खूण एकदम जाते. दप्तर रद्दींत घालण्यापेक्षां हें निराळें नाहीं.

याची खरोखर गरज आहे काय? हिस्टॉरिक स्कॉटलंड या संस्थेनें २००८ सालीं ग्लासगो कॅलिडोनियन विद्यापीठाकडून जुन्या खिडकीची परीक्षा करविली. कांचेवाटे जाणारी उष्णता जाड पडद्यानें शेंकडा १४, लांकडी झडपांनीं ५१, व आंतून दुसरी कांच लावल्यानें ६३ इतकी कमी झाली. झडपा व आंतली कांच मिळून ७५. नव्या दुहेरी कांचेचा आंकडा ५५ होता!

यांतील झडपांची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या मूळ बांधकामांतीलच. दिवसां घडी करून खिडकीच्या बगलेंतील खणांत ठेवावयाच्या व रात्रीं उघडून लावावयाच्या. पुढें अनेक घरांत त्यांवर रंगाचे थर चढून त्या खणांतच चिकटल्या, आणि घरधन्यास त्या आहेत हेंही आठवेना. आपल्याकडील वाड्यांच्या खिडक्यांना कांच क्वचितच असे, झडपाच सर्व काम करीत. मात्र तेथें झगडा उन्हाशीं व पावसाशीं होता.

झडपा लावल्या कीं उजेड जातो, म्हणून त्यांचा उपयोग रात्रींपुरताच. फटींतून येणारा वाराही वेगळा. त्यासाठीं दोऱ्या बदलून, कुजलेला भाग तेवढा कापून नवें लांकूड सांधावें व कडांना बारीक पट्ट्या बसवाव्या. आंतली कांच केव्हांही काढतां येते, मूळ वस्तूस धक्का लागत नाहीं. मात्र ती घट्ट बसवावी व बाहेरची जुनी खिडकी किंचित् सैल ठेवावी. नाहींतर दोहोंमधील दमट हवा जुन्या कांचेवर पाणी धरते व तें खालच्या लांकडांत मुरतें.