ओळ कोण तोडतो?

शब्दांना चित्राचा आकार देण्याची हौस संगणकाने आणलेली नाही. ग्रीक कवी सिमियास याच्या पंख, अंडे आणि कुऱ्हाड या आकारांतील रचना इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या आहेत. आपल्याकडे भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात आणि माघाने ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात चित्रबंध योजले. समीक्षेने मात्र या प्रकाराला फारसा मान दिला नाही. मम्मटाने व्यंग्यहीन चित्रकाव्य तिसऱ्या, म्हणजे ‘अवर’ श्रेणीत बसवले. १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये आकारकवितेची गणना खोट्या चातुर्यात केली.

हा आक्षेप सरसकट मान्य करता येत नाही. जॉर्ज हर्बर्टची ‘ईस्टर विंग्ज’ ही कविता १६३३ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्या ओळी पानावर आडव्या वळवून पंखांचा भास साधला होता. तिच्या प्रत्येक कडव्यात मनुष्याच्या ऱ्हासाबरोबर ओळ आखूड होत जाते आणि उद्धाराच्या आशेबरोबर पुन्हा विस्तारते. येथे आकार अर्थातूनच आलेला आहे. ओळ कोठे संपवायची, हा निर्णय कवीचा आहे.

रेखाचित्रांच्या संगणकप्रणालींनी नेमका हाच निर्णय कवीकडून काढून घेतला. अडोबीचे ‘इलस्ट्रेटर’ १९८७ मध्ये आले. अशा प्रणालींत आज आपण एक बंदिस्त आकृती काढतो आणि तिच्यात मजकूर ओततो. रुंदी संपली की प्रणाली ओळ तोडते. टंकाचा आकार किंचित बदलला तरी सगळ्या ओळी सरकतात. ‘इंकस्केप’ (२००३) या मुक्त प्रणालीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिने एसव्हीजी १.२ या मसुद्यातील सोय स्वीकारली. पण तो मसुदा प्रमाण झालाच नाही आणि असा मजकूर ब्राउझरांत दिसेना. २०२० च्या १.० आवृत्तीने एसव्हीजी २ मधील पद्धत घेतली. शिवाय ती न जाणणाऱ्या ब्राउझरांसाठी प्रत्येक ओळीची जागा स्वतंत्रपणे नोंदवण्याची व्यवस्थाही केली. ओतलेला मजकूर सर्वत्र सारखा दिसावा, यासाठी अखेर ओळ पक्की करावीच लागली!

देवनागरीत ही अडचण अधिक जाणवते. रोमन लिपीत अक्षरांमधले अंतर थोडे वाढवून ओळ कडेपर्यंत ताणता येते. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते. त्यामुळे शब्दांमधल्या जागाच फुगतात. शिवाय विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून मराठी शब्द लांबतो. आकृतीच्या निमुळत्या टोकात तो मावत नाही, खाली सरकतो आणि टोक रिकामे राहते.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एखादा विद्यार्थी पणतीच्या किंवा पानाच्या आकारातील कविता घेऊन येतो, तेव्हा ‘कसरत’ म्हणून ती बाजूला सारण्याची शिक्षकाला घाई होते. त्याआधी तिच्या ओळी तेथेच का तुटल्या, हे त्याला विचारावे. त्याच्यापाशी उत्तर असेल, तर ती कविता हर्बर्टच्या परंपरेतली आहे आणि कविता म्हणूनच तिची चिकित्सा व्हायला हवी. उत्तर नसेल, तर आकृती पुसून तोच मजकूर त्याला पुन्हा हाताने, ओळ ओळ तोडत लिहायला सांगावा.